घरातल्या दिव्याचे रंग-तापमान मोबाइलवर कसे मोजावे? झोप, बाळाची कावीळ आणि वृद्धांच्या नजरेसाठी त्याचा उपयोग

"रात्री पांढरी ट्यूब लावावी की पिवळा बल्ब?" "बाळ खोलीत पिवळं दिसतं, खिडकीपाशी नेलं की तसं वाटत नाही. कावीळ आहे का?" "मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सगळं निळसर दिसतंय, दिव्यात दोष आहे का?" दवाखान्यात असे प्रश्न नेहमी येतात. वरवर वेगळे वाटले तरी तिन्ही प्रश्न प्रकाशाच्या रंगाशी जोडलेले आहेत.

दिव्याचा पांढरेपणा किंवा पिवळेपणा आकड्यात सांगता येतो. या आकड्याला 'रंग-तापमान' म्हणतात आणि ते 'केल्विन' या एककात मोजतात. आज साध्या स्मार्टफोनवरही त्याचा अंदाज घेता येतो. तो कसा घ्यायचा, त्यावरून घरात कोणते निर्णय घेता येतात आणि कोणते घेऊ नयेत, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• मोबाइलवरचा केल्विनचा आकडा हा अंदाज असतो. दिवा पिवळा, मध्यम की पांढरा हे ठरवायला तो पुरतो.
• झोपेसाठी दिव्याच्या रंगाइतकाच, किंबहुना जास्त, त्याचा उजेड आणि वेळ महत्त्वाची असते.
• पिवळ्या दिव्यात कावीळ ओळखता येत नाही. बाळाला दिवसा खिडकीच्या उजेडात पाहा.
• मोबाइलचे कोणतेही अ‍ॅप किंवा फोटो कावीळ नसल्याची खात्री देऊ शकत नाही. शंका असेल तर तपासणी त्याच दिवशी करा.

रंग-तापमान म्हणजे काय?

लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवा. तापू लागले की ते आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे आणि खूप तापले की पांढरटसर दिसते. म्हणजे तापमान वाढेल तसा प्रकाशाचा रंग लालकडून पांढऱ्याकडे आणि पुढे निळ्याकडे सरकतो. दिव्याचा रंग ज्या तापमानाच्या तापलेल्या पदार्थासारखा दिसतो, तो आकडा म्हणजे त्या दिव्याचे रंग-तापमान.

इथे एक गंमत आहे. बोलताना आपण पिवळ्या प्रकाशाला 'वॉर्म' आणि निळसर पांढऱ्याला 'कूल' म्हणतो, पण केल्विनचा आकडा पिवळ्याचा कमी आणि निळसर पांढऱ्याचा जास्त असतो. तसेच ६५०० केल्विनचा एलईडी काही तेवढा तापलेला नसतो. हा आकडा फक्त रंग सांगतो, दिव्याची उष्णता किंवा उजेड नाही.

नेहमीच्या प्रकाशांचे साधारण आकडे असे:

• मेणबत्ती, निरांजन: १८०० ते २००० केल्विन
• जुना तारेचा बल्ब: सुमारे २७०० केल्विन
• 'वॉर्म व्हाइट' एलईडी: २७०० ते ३००० केल्विन
• 'नॅचरल' किंवा 'न्यूट्रल व्हाइट' एलईडी: सुमारे ४००० केल्विन
• दुपारचे ऊन: सुमारे ५५०० केल्विन
• 'कूल डे लाइट' एलईडी किंवा ट्यूब: सुमारे ६५०० केल्विन
• ढगाळ आभाळाचा उजेड: ६५०० केल्विन किंवा त्याहून थोडा जास्त

आपल्याकडच्या बहुतेक घरांत स्वयंपाकघरापासून झोपायच्या खोलीपर्यंत सगळीकडे ६५०० केल्विनचेच दिवे असतात, कारण दुकानात 'एलईडी द्या' म्हटले की सहसा तोच हातात पडतो.

मोबाइलवर मोजण्यापूर्वी

दिव्याचे खोके जपून ठेवले असेल तर आधी ते पाहा. त्यावर 'सीसीटी' किंवा केल्विनचा आकडा छापलेला असतो. तो सापडला तर मोजायची गरजच नाही. खोके नसेल, भाड्याच्या घरात आधीपासून लावलेले दिवे असतील किंवा रंग बदलणारा दिवा असेल, तर मोबाइल कामी येतो.

पद्धत १: कॅमेऱ्याचा 'प्रो' मोड

अनेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' मोड असतो. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात सहसा केल्विनचा आकडा दिसत नाही, त्यासाठी वेगळे अ‍ॅप लागते.

१. फोनमधील 'नाइट लाइट', 'आय कम्फर्ट' यांसारखी पडदा पिवळा करणारी सोय बंद करा. ती चालू असेल तर पडद्यावरचा रंग खोटा दिसतो.
२. शक्यतो रात्री मोजा. जो दिवा मोजायचा आहे तेवढाच चालू ठेवा. टीव्ही आणि बाकीचे दिवे बंद करा, पडदे ओढून घ्या.
३. साधा पांढरा कागद दिव्याखाली ठेवा. रंगीत भिंत, रंगीत चादर किंवा कपडे जवळ नकोत, त्यांचा रंग कागदावर पडतो.
४. फ्लॅश बंद ठेवून कॅमेऱ्यात फक्त कागद दिसेल असे जवळ जा. तुमची किंवा फोनची सावली पडू देऊ नका.
५. 'डब्ल्यूबी' म्हणजे व्हाइट बॅलन्सचे बटण दाबा आणि 'ऑटो' काढून पट्टी हाताने सरकवा. पडद्यावर कागद पिवळा दिसत असेल तर आकडा कमी करा, निळा दिसत असेल तर वाढवा.
६. कागद पिवळाही नाही आणि निळाही नाही, असा दिसेल तिथला आकडा म्हणजे त्या दिव्याचे अंदाजे रंग-तापमान.

पद्धत २: केल्विन मोजणारे अ‍ॅप

अशी बरीचशी अ‍ॅप्स वरचेच काम आपोआप करतात. कागदावर कॅमेरा धरला की आकडा येतो. एकाच जागेवरून तीन वेळा मोजा आणि मधला आकडा घ्या. कॅमेरा वापरायची परवानगी मागणे स्वाभाविक आहे, पण अ‍ॅप तुमचे संपर्क किंवा संदेश पाहायची परवानगी मागत असेल तर ते वापरू नका.

मोबाइल बरोबर सांगतो का, हे कसे तपासावे?

ज्याच्या खोक्यावर आकडा छापला आहे असा एखादा दिवा आधी मोजून पाहा. खोक्यावर २७०० आणि मोबाइलवर ३२०० आले, तर तुमचा फोन पिवळ्या प्रकाशाला साधारण ५०० ने जास्त दाखवतो हे लक्षात ठेवा. पांढऱ्या दिव्यासाठी ही चूक वेगळी असू शकते, म्हणून शक्य असल्यास दोन्ही प्रकारचे दिवे तपासा.

काहीशे केल्विनचा फरक पडला म्हणून बिघडत नाही. ६००० आणि ६५०० मधला फरक डोळ्यांना फारसा जाणवतही नाही. आपल्याला ठरवायचे असते ते एवढेच: दिवा ३००० च्या आसपासचा, ४००० च्या आसपासचा, की ६००० च्या वरचा.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्या. दोन दिव्यांचा केल्विनचा आकडा सारखा असूनही एकात त्वचेचा, रक्ताचा, भाजीचा रंग खरा दिसतो आणि दुसऱ्यात फिका दिसतो. रंग किती खरे दिसतात यासाठी खोक्यावर 'सीआरआय' नावाचा वेगळा आकडा असतो. १०० म्हणजे उत्तम. घरासाठी तो ८० पेक्षा कमी नसावा, आजारी माणसाच्या खोलीत ९० च्या आसपास असेल तर चांगले. सीआरआय मोबाइलच्या कॅमेऱ्याने खात्रीलायक मोजता येत नाही.

झोप आणि दिव्याचा रंग

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्यांत मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. या पेशी मेंदूतल्या जैविक घड्याळाला 'अजून दिवस आहे' असा निरोप देतात. असा निरोप रात्री गेला की झोपेची वेळ सांगणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे कमी होते आणि झोप लांबते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

६५०० केल्विनच्या एलईडीत निळा भाग जास्त असतो. तितक्याच उजेडाच्या २७०० केल्विनच्या दिव्यापेक्षा तो या पेशींना ढोबळमानाने दुप्पट जागवतो. म्हणून झोपायच्या खोलीत पिवळा दिवा बरा.

पण फक्त रंग बदलून काम होत नाही. समजा, पिवळ्या दिव्याचा उजेड तुमच्या डोळ्यापाशी २०० लक्स आहे आणि पांढऱ्या दिव्याचा फक्त ५० लक्स. वरचा ढोबळ हिशेब लावला तर इथे पिवळा दिवाच दुप्पट जागवणारा ठरतो. म्हणजे रात्री 'पिवळा' आणि 'मंद' या दोन्ही गोष्टी हव्यात.

२०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या गटाने काही मर्यादा सुचवल्या. निळ्या भागाचा हिशेब धरून डोळ्यापाशी पडणारा प्रकाश दिवसा किमान २५० लक्स, झोपेच्या आधीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १० लक्स आणि झोपेत १ लक्सपेक्षा जास्त नसावा. त्यांचा 'लक्स' नेहमीच्या लक्सहून थोडा वेगळा असल्याने मोबाइलवरचा आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळणार नाही. त्यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: दिवस उजळ असावा, संध्याकाळ मंद असावी, रात्र काळोखी असावी.

घरात काय करता येईल?

• सकाळी अर्धा-पाऊण तास अंगणात, गॅलरीत किंवा खिडकीशी बसा. सावलीतला बाहेरचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो.
• झोपण्याच्या दोन-तीन तास आधी छतावरचा मोठा पांढरा दिवा बंद करून छोटा २७०० केल्विनचा दिवा लावा.
• अभ्यास, शिवण, निवडण-टिपण यांसाठी ४००० केल्विनचा भरपूर उजेड चालतो. तो कामापुरता वापरा.
• रात्रभर लागणारा झिरोचा बल्ब निळा किंवा पांढरा न घेता लाल अथवा नारिंगी घ्या आणि डोळ्यांसमोर येणार नाही असा लावा.
• फोनचा पडदा पिवळा केला म्हणून रात्री बारापर्यंत फोन पाहणे निर्धोक होत नाही. पडदा मंद करा आणि वेळही कमी करा.

एवढे करूनही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप येत नसेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल, तर दिव्यांवर वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा. जोरात घोरणे, श्वास अडकून दचकून जाग येणे, उदासपणा, थायरॉइडचा आजार, दुपारनंतरचा चहा-कॉफी अशी वेगळीच कारणे त्यामागे असू शकतात.

बाळाची कावीळ: इथे दिव्याचा रंग फसवतो

वेळेवर जन्मलेल्या निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते. मात्र काही बाळांत बिलिरुबिनचे प्रमाण इतके वाढते की मेंदूला आणि ऐकण्याच्या शक्तीला कायमची इजा होऊ शकते. वेळेत ओळखली तर ही इजा टाळता येते.

अडचण अशी की बाळंतिणीची खोली आपल्याकडे बहुधा बंद, पडदे लावलेली आणि पिवळ्या बल्बची असते. २७०० केल्विनच्या प्रकाशात सगळेच पिवळसर दिसते. आपला मेंदूही त्या प्रकाशाला सरावतो आणि पिवळेपणा वजा करून टाकतो. त्यामुळे खरी कावीळ नजरेतून सुटते. अंगाला हळद-बेसन लावलेले असेल किंवा दुपटे पिवळे असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

बाळाला असे पाहा:

१. दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी बाळाला पांढऱ्या कापडावर ठेवा. घरातले दिवे बंद करा.
२. कपाळ किंवा नाकाचा शेंडा, मग छाती, मग पाय, असे बोटाने हलके दाबून सोडा. दाबलेली त्वचा क्षणभर पिवळी दिसते का ते पाहा.
३. डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या पाहा. सावळ्या बाळांत त्वचेपेक्षा इथे लवकर कळते.
४. शीचा रंगही याच उजेडात पाहा. पांढुरकी किंवा खडूसारखी शी पिवळ्या बल्बखाली नेहमीसारखी वाटू शकते.

हे पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. कावीळ किती आहे हे अनुभवी डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने नेमके सांगता येत नाही. त्यासाठी त्वचेवर टेकवायचे यंत्र किंवा रक्ताची बिलिरुबिन तपासणी लागते. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळाला उजेडात आणून दाखवा.

त्याच दिवशी रुग्णालयात न्या, जर:

• जन्मानंतर पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला
• तळहात किंवा तळपाय पिवळे झाले
• बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, कर्कश रडते किंवा अंग मागे ताठ करते
• लघवी कमी झाली किंवा ताप आला
• बाळ वेळेआधी जन्मलेले आहे आणि पिवळे दिसते आहे
• कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली
• शी पांढुरकी आहे किंवा लघवी गडद पिवळी असून लंगोटाला डाग पडतात

शेवटच्या लक्षणामागे पित्तनलिका बंद असण्याचा आजार असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यशाची शक्यता जास्त असते, म्हणून 'महिना भरल्यावर बघू' असे करू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष असतो आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तिथले उपचार मोफत असतात. नेण्यासाठी १०२ किंवा १०८ वर फोन करा.

"घरीच पांढरी ट्यूब लावली तर कावीळ उतरेल का?" नाही. रुग्णालयातल्या फोटोथेरपीचा प्रकाश ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यातला आणि ठरावीक तीव्रतेचा असतो. ती तीव्रता वेगळ्या यंत्राने मोजतात. केल्विनच्या आकड्यावरून ती कळत नाही आणि घरातला कोणताही दिवा तिथवर पोहोचत नाही. कोवळ्या उन्हात बाळ धरणे हाही काविळीचा भरवशाचा उपचार नाही. उघड्या बाळाला थंडी बाधते किंवा त्वचा भाजते, आणि त्यात मोलाचा वेळ जातो.

ओठ निळे पडणे आणि दिव्याचा रंग

रक्तात प्राणवायू कमी झाला की ओठ आणि जीभ निळसर होतात. काही दिव्यांत लाल रंगाचा भाग इतका कमी असतो की निरोगी माणूसही निस्तेज दिसतो. काहींत खरा निळेपणा झाकला जातो. म्हणूनच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या रुग्णालयांसाठीच्या मानकात रुग्ण तपासायच्या जागी ३३०० ते ५३०० केल्विनचे आणि निळेपणा नीट दाखवणारे दिवे सुचवले आहेत. दम्याचा, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा रुग्ण घरी असेल तर त्याच्या खोलीत ४००० केल्विनचा, चांगल्या सीआरआयचा एक दिवा असू द्या. ऑक्सिमीटर असेल तर त्याचा आकडा पाहा. धाप लागली असेल, बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, तर ओठांचा रंग कसाही दिसो, लगेच रुग्णालय गाठा.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि पडद्यापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो. त्यामुळे आजी-आजोबांना वाचायला तरुणांपेक्षा बराच जास्त उजेड लागतो. 'झोपेसाठी मंद प्रकाश' हा सल्ला पाळताना त्यांच्या जाण्यायेण्याची वाट अंधारी ठेवू नका. पलंगापासून संडास-बाथरूमपर्यंत जमिनीलगत छोटे पिवळे दिवे लावा. रात्री पडून खुब्याचे हाड मोडणे ही दिव्याच्या रंगापेक्षा फार मोठी काळजी आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पिवळे भिंग जाऊन स्वच्छ भिंग येते. म्हणून काही दिवस सगळे निळसर, जास्त पांढरे वाटते. मेंदू हळूहळू सरावतो. दिव्यात दोष नसतो. पण दुखणे, लाली, नजर अचानक कमी होणे, काळे ठिपके किंवा प्रकाशाचे झोत दिसणे असे काही झाले तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांना फोटो पाठवताना

पुरळ, जखम, सूज यांचे फोटो आता सर्रास पाठवले जातात. कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग स्वतःच्या अंदाजाने बदलतो, त्यामुळे जखमेची लाली कमी-जास्त दिसू शकते.

• दिवसाच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर न वापरता फोटो काढा.
• जखमेशेजारी पांढरा कागद ठेवा. त्यावरून डॉक्टरांना रंगाचा अंदाज येतो.
• रोज तीच जागा, तीच वेळ, तेवढेच अंतर ठेवा, म्हणजे तुलना करता येते.
• लघवीची पट्टी घरी तपासत असाल तर तिचा रंगही दिवसाच्या उजेडात तक्त्याशी जुळवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पांढऱ्या एलईडीने डोळे खराब होतात का?
घरातल्या नेहमीच्या दिव्याने, नेहमीच्या अंतरावरून डोळ्याच्या पडद्याला इजा होत असल्याचा ठोस पुरावा नाही. मात्र उघड्या, प्रखर एलईडीकडे टक लावून पाहू नये. लहान मुलांच्या खेळण्यांतले प्रखर दिवेही डोळ्यांजवळ नेऊ देऊ नका.

निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का?
२०२३ च्या कोक्रेन आढाव्यात, संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा अशा चष्म्याने साध्या चष्म्यापेक्षा कमी होतो असे आढळले नाही. दर २० मिनिटांनी दूर पाहणे, पापण्या मिटणे आणि योग्य नंबर असणे यांचा उपयोग जास्त होतो.

मोबाइलमधून पाहिल्यावर दिव्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. ते काय?
तो दिवा खूप वेगाने लुकलुकतो आहे. बऱ्याच जणांना त्याचा त्रास होत नाही, पण अर्धशिशी असलेल्यांचे डोके अशा प्रकाशात दुखू शकते. त्रास होत असेल तर चांगल्या प्रतीचा दिवा लावून पाहा.

शेवटी एवढेच

झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा मंद दिवा, कामाच्या जागी ४००० चा भरपूर उजेड आणि आजारी माणसाला किंवा बाळाला पाहायला दिवसाचा उजेड. मोबाइलचा आकडा एवढे ठरवायला पुरेसा आहे. बाळ पिवळे वाटत असेल तेव्हा मात्र दिवे बदलत, अ‍ॅप पाहत बसू नका. बाळाला घेऊन निघा. बिलिरुबिनच्या तपासणीला थोडाच वेळ लागतो आणि शंका तिथेच मिटते.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या किंवा बाळाच्या तब्येतीबाबतचा निर्णय प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.